मन एकच दिले आहे

समस्त स्तुती अल्लाहसाठी आहे, ज्याने माणसाला ऐकण्यासाठी कान, पाहण्यासाठी डोळे आणि समजण्यासाठी अंतःकरण दिले. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि त्यांच्या सर्व सहाबांवर.



सूरह अल-अहजाबच्या चौथ्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की, त्याने कोणत्याही माणसाच्या उरात दोन अंतःकरणे ठेवलेली नाहीत. या आयतीचा मूळ संदर्भ जिहार आणि दत्तकपुत्र यांविषयीच्या अज्ञानकाळातील रूढींचा आहे. परंतु तिच्यात सांगितलेले सत्य व्यापक आहे. मन एकच आहे आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी पूर्णपणे राहू शकते. आपल्या मुलांच्या शिक्षणाचा आजचा मोठा प्रश्न याच सत्यापाशी येऊन थांबतो.

भंडारा असो, तुमसर असो, पवनी की साकोली, दहावी-बारावीच्या मुलाचे चित्र सगळीकडे सारखेच आहे. पुस्तक उघडे आहे आणि शेजारी मोबाइल पडला आहे. दर थोड्या वेळाने तो थरथरतो आणि हात आपोआप तिकडे जातो. आई-वडिलांची तक्रार असते की मुलगा तीन-तीन तास अभ्यासाला बसतो, पण लक्षात काही राहत नाही. मुलगा खोटे बोलत नाही, तो खरोखरच बसलेला असतो. त्याचे मन मात्र तेथे नसते.

लक्ष ही अमानत आहे

सूरह बनी इस्राईलच्या 36 व्या आयतीत सांगितले आहे की कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे. तिरमिजी यांनी नोंदविलेल्या एका हदीसनुसार, कियामतच्या दिवशी माणसाला त्याचे आयुष्य कशात घालविले आणि तारुण्य कशात झिजविले, याचा जाब द्यावा लागेल. तारुण्य हे आयुष्याचाच भाग असूनही त्याचा हिशेब वेगळा मागितला जाईल, कारण त्या वयात मन जे धरते ते जन्मभर टिकते. बुखारी यांच्या संग्रहातील हदीसमध्ये आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असा इशारा आहे.

आपण पैशाचा हिशेब ठेवतो. धानाच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवतो. परंतु मुलाच्या लक्षाचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि सर्वाधिक लूट तेथेच होते.

प्रेषितांनी (स.) मन विचलित करणाऱ्या वस्तूचे काय केले?

ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) नक्षी असलेली एक चादर पांघरून नमाज अदा केली. नमाजमध्ये त्या नक्षीकडे दृष्टी गेली. नमाज संपताच त्यांनी ती चादर अबू जहम (रजि.) यांच्याकडे परत पाठविली आणि तिच्या बदल्यात साधी, बिननक्षीची चादर मागविली. चादर हराम नव्हती आणि भेट देणाऱ्याचा दोषही नव्हता. बदल्यात दुसरी चादर मागवून त्याचे मनही त्यांनी राखले. परंतु जी वस्तू मनाला जागेवरून हलविते, तिला डोळ्यांसमोर ठेवायचे नाही, हा निर्णय त्यांनी तत्काळ घेतला.

दुसरा प्रसंग नसाई यांनी ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून नोंदविला आहे. प्रेषितांनी (स.) एक अंगठी घातली होती. सहाबांसमवेत बसले असता त्यांना जाणवले की आपली एक नजर अंगठीकडे जाते आणि एक नजर समोरच्या माणसांकडे. त्यांनी तसे बोलून दाखविले आणि ती अंगठी काढून टाकली. बंधूंनो, ज्यांचे मन अल्लाहच्या स्मरणात सर्वांहून अधिक स्थिर होते, त्यांनी स्वतःच्या मनाची परीक्षा पाहत बसण्याऐवजी वस्तू दूर केली. मग पंधरा वर्षांच्या मुलाने मोबाइल उशाशी ठेवावा आणि केवळ निश्चयाच्या बळावर अभ्यास करावा, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

हा पाझर कोठून सुरू होतो?

मोबाइलमधील दृश्यांची मालिका संपत का नाही, हे मुलांना समजावून सांगितले पाहिजे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकातील प्रकरण संपते. पडद्यावर बोट सरकवीत राहिले की नवे दृश्य येतच राहील, ही रचना 2006 मध्ये अझा रॅस्किन यांनी तयार केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याविषयी खेद व्यक्त केला. या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते आणि माणूस जितका वेळ पडद्यासमोर राहील तितकी जाहिरात विकली जाते. म्हणजे आपल्याला फुकट मिळते असे जे वाटते, त्याची किंमत आपले मूल स्वतःच्या लक्षाने मोजत असते.

युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे की, एकदा लक्ष विचलित झाल्यावर विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासात एकाग्र होण्यास 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. एका तासात तीन वेळा मोबाइल पाहिला, तर त्या तासाचे काय उरते, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. आपल्या देशातील ‘असर’ 2024 या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे आढळले. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी त्याचा वापर करणारे 57 टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापर करणारे 76 टक्के.

आपला जिल्हा तलावांचा आहे. मालगुजारीच्या काळातील मामा तलावांच्या आधारावर येथील धान पिकत आले. तलावाची पाळ एका रात्रीत फुटत नाही. आधी बारीकसा पाझर लागतो, कोणी लक्ष देत नाही आणि रोवणीच्या वेळी कळते की बांधीत सोडायला पाणीच नाही. मुलाच्या मनाचेही तसेच आहे. दोन मिनिटे, पाच मिनिटे असा पाझर वर्षभर चालतो आणि परीक्षेच्या महिन्यात तलाव कोरडा सापडतो.

इल्म कसे मिळते?

इमाम मालिक (रह.) यांच्या मदीनेतील दर्सची एक घटना प्रसिद्ध आहे. शहरात हत्ती आल्याची वार्ता आली आणि सर्व विद्यार्थी पाहण्यासाठी धावले. स्पेनहून आलेले यहया बिन यहया मात्र जागेवरच बसून राहिले. इमामांनी विचारले, ‘तुमच्या देशात तर हत्ती नसतात, तुम्ही का गेला नाहीत?’ त्यांनी उत्तर दिले की, मी इतक्या दुरून हत्ती पाहण्यासाठी आलेलो नाही, आपल्याकडून ज्ञान घेण्यासाठी आलो आहे. इमामांनी त्यांना अंदलुसचा बुद्धिमान पुरुष म्हटले. इमामांचा ‘मुवत्ता’ हा हदीससंग्रह आज जगभर सर्वाधिक ज्या रिवायतीने वाचला जातो, ती याच यहया यांची आहे. त्या दिवशी हत्ती पाहून आलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

तो हत्ती मदीनेत एकदा आला होता. आपल्या मुलाच्या खिशात तो दर मिनिटाला येतो.

आपल्या मकतबांमध्ये हिफ्ज करणाऱ्या मुलांकडे पाहा. रोजचा नवा सबक, मागील सबकांची उजळणी आणि जुना आमुख्ता, असे तिन्ही त्यांना दररोज सांभाळावे लागतात. कारण प्रेषितांनी (स.) बजावले आहे की, दावणीतून सुटणाऱ्या उंटापेक्षाही कुरआन मनातून लवकर निसटतो (बुखारी, मुस्लिम). कुरआनला जे लागू आहे तेच गणिताला, विज्ञानाला आणि भाषेलाही लागू आहे. एकाग्रता, पुनरावृत्ती आणि पुरेशी झोप यांवाचून काहीही मनात मुरत नाही. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणारे मूल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी गमावते आणि वर फजरची नमाजही.

एका गावाचा भोंगा आणि आपली अजान

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून या गावाने एक निर्णय अमलात आणला. दररोज सायंकाळी 7 वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात आणि 8.30 ला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत हा नियम पाळला जातो. आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाच्या ग्रामसभेनेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 18 वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला.

या दोन निर्णयांत फरक आहे. बांशीचा नियम केवळ मुलांसाठी होता. वडगावात मोठ्यांनीही आपले पडदे बंद करायचे ठरविले. घरातील मोठे माणूस पडद्यासमोर बसून मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणाले, तर त्या शब्दाला वजन राहत नाही, हे त्या गावाने ओळखले.

बंधू-भगिनींनो, त्या गावाला ही वेळ ठरविण्यासाठी भोंगा बसवावा लागला. आपल्याला ही वेळ आधीच दिलेली आहे. मगरिबची अजान होते आणि इशापर्यंत साधारण सव्वा ते दीड तास मिळतो, म्हणजे वडगावच्या मुलांना मिळतो जवळजवळ तितकाच. इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते (बुखारी). याचा अर्थ सायंकाळ जागी ठेवायची आणि रात्र शांत ठेवायची, ही रचना आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. आपण अजान ऐकतो, नमाज अदा करतो आणि मशिदीच्या पायरीवरच खिशातून मोबाइल काढतो. दिलेले कुंपण आपणच मोडतो.

घरात काय करावे?

सूरह अत-तहरीमच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना आगीपासून वाचवा. क्रम लक्षात घ्या: आधी स्वतः, मग कुटुंब. म्हणून सुरुवात अब्बा आणि अम्मी यांच्यापासून व्हावी.

पहिली गोष्ट, मगरिब ते इशा घरातील सर्व मोबाइल एका ठिकाणी ठेवावेत. वडिलांचा मोबाइल सर्वांत आधी ठेवला जावा. दुकानाचा किंवा आजारपणाचा महत्त्वाचा फोन येणार असेल, तर एकच मोबाइल आवाज सुरू ठेवून बैठकीत ठेवावा.

दुसरी, रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीत नेऊ नये. फजरला उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे.

तिसरी, रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हाती मोबाइल देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, अशी सूचना केली आहे. घास भरविताना पडदा दाखविण्याची सवय आपणच लावतो आणि दहा वर्षांनंतर तीच सवय मोडण्यासाठी मुलावर ओरडतो.

चौथी, जुम्याच्या खुतब्याआधी मोबाइल बंद असावा. खुतबा सुरू असताना खडे चाळविणे हेसुद्धा व्यर्थ कृत्य ठरविले गेले आहे (मुस्लिम). पडद्यावर बोट फिरविणे याहून हलके कसे असेल? मशिदीत बापाला पाहून मूल शिकते.

पाचवी, मोबाइल काढून घेतला तर त्या जागी काहीतरी द्यावे. दादी-नानीजवळ बसण्याची वेळ, मैदानावरचा खेळ, घरात वाचून दाखविलेली सीरत, मकतबच्या खोलीत मोहल्ल्यातील मुलांसाठी सायंकाळची अभ्यासिका. रिकामी केलेली जागा रिकामीच राहिली, तर मूल पुन्हा तेथेच जाईल.

हे सर्व नरमाईने करावे. नरमाई ज्या गोष्टीत असते तिला ती शोभा देते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे (मुस्लिम). मोबाइल आपटून फोडणारा बाप एक वस्तू फोडतो आणि मुलाचा विश्वासही गमावतो.

येथे एक न्यायाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मोबाइल हराम नाही. कोरोनाकाळात शाळा बंद होत्या तेव्हा अनेक मुलांचे शिक्षण त्याच्याच आधाराने टिकले. आजही महागडी शिकवणी न परवडणारी मुलगी त्यावरच भौतिकशास्त्राचा पाठ समजून घेते. तिचा मोबाइल संशयापोटी काढून घ्यावा आणि तिच्या भावाला मध्यरात्रीपर्यंत मोकळा सोडावा, हा न्याय नव्हे. नियम दोघांना सारखाच असावा. कशासाठी पाहणार आणि केव्हा बंद करणार, ही दोन उत्तरे आधी ठरली आणि पाहणे बैठकीत सर्वांसमोर झाले, तर हेच साधन इल्मची सेवा करील.

आपला समाज शिक्षणात मागे आहे, असे आपण सभांमधून सांगतो. शाळा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे यांची मागणी करतो. ती रास्तच आहे आणि केली पाहिजे. परंतु उद्या हे सर्व मिळाले आणि वर्गात बसलेल्या मुलाचे मनच जागेवर नसले, तर त्याचा लाभ कोण घेणार? सायंकाळचा हा सव्वा तास कोणत्याही सरकारकडे मागावा लागत नाही. तो आज मगरिबपासून आपल्याच घरात सुरू होऊ शकतो.

हे अल्लाह! आमचे कान, आमचे डोळे आणि आमची अंतःकरणे व्यर्थ गोष्टींपासून सुरक्षित ठेव. आमच्या मुला-मुलींना लाभदायक ज्ञान दे, त्यांची मने नमाजमध्ये आणि अभ्यासात स्थिर कर. आम्हा आई-वडिलांना जे सांगतो ते आधी स्वतः आचरण्याची तौफीक दे. आमीन.