पिंजऱ्यातला पावसाळा

आमच्या घराच्या मागच्या पडवीत जाळीचा एक पिंजरा आहे. पिंजरा म्हणण्यापेक्षा त्याला लहानशी खोलीच म्हणावे. कारण लांबीला तो आठ फूट आहे, रुंदीला चार फूट, आणि किंचित वाकले की मी त्यात उभा राहू शकतो. आत पेरूच्या फांद्या आडव्या बांधल्या आहेत, कोपऱ्यात पाण्याने भरलेले मातीचे परळ आहे, आणि रत्नागिरीकडच्या एका स्नेह्यांनी आणून दिलेला समुद्रफेस जाळीला अडकवला आहे. या खोलीत आज सात बजरीगर राहतात. आमच्याकडे सगळे लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. वास्तविक लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि हे ऑस्ट्रेलियातले. पण चुका दुरुस्त करणे हाच माझा पेशा असूनही ही एक चूक दुरुस्त करण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

घरी पाहुणा आला की चहा होईपर्यंत तो पडवीत येतो, पाखरे पाहून हरखतो, आणि चहा संपता संपता मला विचारतो, "मास्तर, या मुक्या जीवांना कोंडून ठेवायचं पाप कशाला?" मुके म्हणावे तर सकाळी सहापासून त्यांचा जो कलकलाट चालतो त्याने शेजारचे उठतात. पण पाहुण्याच्या प्रश्नातला कळवळा खरा असतो, म्हणून मीही त्याला उत्तर देतो. ते उत्तर आता मला पाठ झाले आहे.

मी सांगतो, की आपल्या रानातला राघू किंवा मुनिया पकडून पिंजऱ्यात घातली तर ते पाप आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे. हे पाखरू तसे नव्हे. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ऑस्ट्रेलियातून परतताना ही पाखरे जिवंत विलायतेला नेली, आणि तेव्हापासून माणसाच्या घरात त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या गेल्या. रानातला बजरीगर हिरवा असतो. पिवळी, पांढरी, निळी ही सारी माणसाने निवडून निवडून वाढवलेली. अशा पाखराला दार उघडून दिले तर ते जाईल कोठे? २०२० सालच्या पावसाळ्यात पाणी बदलताना माझ्या हातून एक पिवळा नर निसटला. समोरच्या शेवग्यावर जाऊन बसला, आणि त्याचा तो हळदीसारखा रंग आळीतल्या सगळ्या कावळ्यांना एकदम दिसला. मी शिडी आणेपर्यंत सारे आटोपले होते. तेव्हा याला कोंडून ठेवणे हेच याला जिवंत ठेवणे आहे, असे मी म्हणतो, आणि पाहुणा गप्प होतो.

पुष्कळ दिवस मीही या उत्तरावर गप्प होतो. नंतर त्यातले भोक मला दिसले. जे पाखरू आधीच जन्मले आहे त्याच्यापुरते हे उत्तर खरे आहे. पण जे जन्मलेलेच नाही, त्याला जन्माला घालण्याची सारी व्यवस्था मी हौसेने का करतो, याचा त्यात कोठे पत्ता नाही. सांभाळणे हे कर्तव्य आहे. त्या कर्तव्याच्या आड मी माझी हौस लपवीत होतो. पाळणारा निराळा आणि पैदास करणारा निराळा. आणि मी दुसराच होतो.

ही पैदास फार सोपी असते. एक मडके घ्यायचे, त्याच्या कुशीला मुठीएवढे भोक पाडायचे, तोंडावर परळ झाकून ते उंच बांधायचे, बस्स. नर कोणता, मादी कोणती हे नाकाच्या मांसल पट्ट्यावरून कळते. वयात आलेल्या नराचा निळा, मादीचा तपकिरी. मादी दोन-तीन दिवस भोकातून डोकावते आणि एके दिवशी आत शिरते. मग दिवसाआड एक अशी चार-सहा पांढरीशुभ्र अंडी. अठरा दिवसांनी पहिले पिल्लू. अंडी जशी दिवसाआड, तशी पिल्लेही दिवसाआड फुटतात, त्यामुळे एकाच मडक्यात पिसे फुटू लागलेला थोरला आणि मिटल्या डोळ्यांचा धाकटा एकमेकांना खेटून बसलेले असतात. कधी कधी धाकटा थोरल्यांच्या खाली चेंगरतो. पाचव्या आठवड्यात पिल्ले बाहेर येतात. पहिल्यांदा पिल्लू भोकातून डोके काढून जगाकडे पाहते, ते पाहण्यासाठी आमच्या घरात सगळी कामे थांबत असत. त्या आनंदाबद्दल मी आज जरी खेद करायचा म्हटला तरी करता येणार नाही.

माझी जोडी मला आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी दिली होती. दोन्ही हिरवी. देताना ते म्हणाले होते, "यांच्या आजोळी निळं आहे. कधीतरी निघेल." त्या एका वाक्याने माझा घात केला. दोन हिरव्यांच्या पोटी निळे निघते ते दोघांच्याही रक्तात निळेपण लपलेले असेल तर. आणि तेही सरासरीने चारांत एक. गंमत अशी, की या पाखराच्या पिसात निळा रंग म्हणून काही नसतोच. पिसाच्या घडणीवर प्रकाश पडून ते निळे दिसते. त्यावर पिवळ्या रंगाची छटा असली की हिरवे. पिवळे गेले की निळे उरते. म्हणजे मी ज्याच्या मागे लागलो होतो ती एक उणीवच होती.

२०२० च्या दिवाळीच्या सुमारास मी मडके बांधले. शाळा बंद होत्या, तेव्हा पडवीत बसून राहायला वेळच वेळ होता. (आता आपणही पिंजऱ्यातली पाखरे झालो, असा विनोद त्या दिवसांत जो तो करीत असे. पाखरांनी तो ऐकला असता तर त्यांना हसू आले नसते.) पहिल्या खेपेला तीन पिल्ले झाली, तिन्ही हिरवी. ती मडक्याबाहेर पडतात न पडतात तोच मादी पुन्हा आत बसली. दुसऱ्या खेपेला चार. त्यांतही निळे नाही. जाणकार सांगतात, की वर्षात दोन खेपा झाल्या की मडके काढावे. ड्रॉइंगच्या मास्तरांनीही ते मला बजावले होते. पण मादी तर स्वतःच्या पायांनी आत जात होती! तिला नको असते तर ती गेली असती का? असे मी स्वतःला विचारले, आणि हवे तेच उत्तर घेतले. तिसऱ्या खेपेला चार पिल्ले झाली आणि त्यांत एक निळे निघाले. पावसाळा सरल्यावर आभाळ धुऊन निघते, तसला निळा. आता तरी मी थांबायला हवे होते. पण फांदीवर ते एकटे निळे पाहून मला वाटले, याला आणखी एक भाऊ हवा.

२०२१ च्या मे महिन्यात एके सकाळी मादी मडक्यात नव्हती, फांदीवरही नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली होती, आणि दर श्वासाला तिची शेपटी खालीवर होत होती. अंडे अडले होते. कवच घडवायला जो चुना लागतो तो खाण्यातून पुरला नाही तर मादी तो आपल्या हाडांतून काढून देते. आणि मागोमाग तीन खेपा दिलेल्या तिच्या हाडांत आता तो उरला नव्हता. समुद्रफेस समोर टांगला होता, पण नुसते टांगून काय होते! मी तिला मऊ फडक्यावर ठेवून दिव्याखाली ऊब दिली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मास्तर, मला गाई-म्हशींचं कळतं. ऊब देत राहा." रात्रभर माझी मुलगी आणि मी आळीपाळीने जागलो. पहाटे तिने दोन वेळा चोच उघडली आणि ती गेली. तळहातावर घेतली तेव्हा तिचे वजन जाणवेना.

मुलगी रडत होती. मी तिला समजावीत होतो, की पिंजऱ्यातल्या जिवाचे असेच असते, ही पाखरे नाजूक, उन्हाळा फार कडक. माझी आई दाराशी उभी होती. ती माणदेशातली, तिचे बोलणे नेहमीच थोडे. ती म्हणाली, "उन्हाळ्यानं न्हाई मेली ती. तिला तू उन्हाळाच ठेवला न्हाईस."

मला अर्थ कळला नाही. तेव्हा ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वळचणीला एका चिमणीनं घरटं केलं न्हाई. आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खाऊन दिस काढायचो, तवा माझी आई म्हणायची, पाखरांना कळतंय, मानसांना कळंना."

पुढे मी या पाखरांच्या मूळ मुलखाविषयी वाचले, तेव्हा आईच्या बोलण्याचा उलगडा झाला. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या रखरखीत प्रदेशात पाऊस वेळेवर येत नाही. कधी येतो, कधी येतच नाही. तो पडला की गवत वाढते, त्याला बी धरते, आणि तेवढ्या सुगीत हे थवे झाडांच्या ढोलीत घरटी करून एकामागून एक खेपा उरकून घेतात. बी संपले की अंडी बंद, आणि थवा पाण्याच्या शोधात पुढे उडतो. म्हणजे पुरे कधी म्हणायचे हे त्या मादीच्या मनात लिहिलेले नाही. ते तिच्या मुलखात लिहिलेले आहे. तिच्या वतीने दुष्काळ पुरे म्हणतो. आणि माझ्या पडवीत? सकाळी वाटीभर राळे, कोथिंबिरीच्या काड्या, उकडलेल्या अंड्याचा चुरा. परळ कधी कोरडे नाही. आणि वर अंधारी, उबदार ढोल. तिच्या लेखी सहा महिने पाऊस पडतच होता. ती स्वतःच्या पायांनी मडक्यात जात होती हे खरे, पण त्या पायांना मी फसवले होते. (समोर फराळाचे ताट असताना आपण होऊन पुरे म्हणणारा माणूसही मला अजून भेटायचा आहे, मग पाखराला काय बोल लावावा!)

तेव्हापासून पाहुण्यांचा तो दाराचा प्रश्न मला थोडा बाजूचा वाटू लागला आहे. आपण दया म्हटली की दार उघडण्याची कल्पना करतो, किंवा वाटी भरण्याची. मी तर वाटी भरण्यात कधीच कसूर केली नव्हती. मी त्या पाखराचे आकाश काढून घेतले हे सगळ्यांना दिसत होते. त्याबरोबर त्याचा दुष्काळही काढून घेतला, हे कोणाला दिसले नाही. आणि जो दुसऱ्याचा दुष्काळ काढून घेतो, त्याने तो कोणत्या तरी रूपाने स्वतः व्हायला हवे, हे मला पत्करायला फार जड गेले. देणाऱ्याचे सुख निराळेच असते. न देणाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही. मडके काढल्यावर उरलेल्या माद्यांनी मला ते चांगले दाखवून दिले. एकीने दाण्याच्या वाटीतच अंडे घातले. दुसरी भिंतीवरचा चुना कुरतडीत बसली. अंड्याचा चुरा बंद केला, राळे मोजून घालू लागलो, तेव्हा नर जाळीला लोंबकळून माझ्यावर ओरडत. पंधरा-वीस दिवसांनी सारे निवळले. पण त्या दिवसांत मी त्यांचा छळ करीत नव्हतो असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. जे जन्मलेच नाही त्याच्यावर मी अन्याय केला, असे म्हणण्याइतका मी तत्त्वज्ञ नाही. पण जी जन्म द्यायला आतुर होती तिच्यावर केला की काय, ही शंका राहतेच.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी झालेली पिल्ले मी बहुतेक वाटून टाकली. एक जोडी माझ्या वर्गातल्या एका मुलाला दिली होती. तीन आठवड्यांनी तो दारात उभा राहिला. "सर, मेली," तो म्हणाला. मला वाटले, आता हा रडेल. पण तो तसाच पुढे म्हणाला, "दुसरी देता का? तुमच्याकडे खूप आहेत ना?" त्या मुलाला मी काय बोलणार? बजरीगर सहा-सात वर्षे सहज जगतो, नीट ठेवला तर अधिकही. पण ज्याच्याकडे खूप आहेत त्याच्या दारातून नेलेला जीव किती दिवस जगायचा, याची किंमत त्याला दारातच समजली होती. ती मीच ठरवून दिली होती. मी त्याला नाही म्हटले. तो खिन्न होऊन गेला, आणि पुढे बरेच दिवस वर्गात माझ्याकडे पाहीना.

यंदा पाऊस चांगला झाला. निळा नर आता चार वर्षांहून मोठा झाला आहे. परवा ड्रॉइंगच्या मास्तरांनी त्याला जोडीदारीण म्हणून दुसऱ्या घराण्यातली एक निळी मादी आणून दिली. दोघे एकाच फांदीवर बसतात, तो तिला चोचीतून दाणे भरवतो. दिवाळीची साफसफाई चालली असताना सौभाग्यवतींनी माळ्यावरून ते मडके खाली काढले, धुतले, आणि विचारले, "अहो, हे बांधायचं आहे का? नाहीतर याच्यात तुळस लावते." मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. आई काही बोलली नाही.

एकच खेप, असे माझ्या मनात आहे. पण मागेही प्रत्येक खेप माझ्या मनात एकच होती. मडके उन्हात वाळत पडले आहे. पडवीतला खिळा मी अजून काढलेला नाही.