मंडईतलं गणित शाळेत कधी येणार?

पुण्याच्या मंडईची अष्टकोनी इमारत 1886 साली उभी राहिली, ‘रे मार्केट’ या नावाने. तिच्यावर लाखो रुपये घालण्यापेक्षा ते गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असं नगरपालिकेत बजावणारे सभासद होते जोतीराव फुले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला जोतीरावांचं नाव लागलं. नाव लागलं, म्हणणं मात्र तसंच राहिलं. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शाळेसाठी लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब, शेतीची तोंडओळख आणि आरोग्याचे धडे मागितले होते.

आज शाळा ‘डिजिटल’ झाल्या. म्हणजे काय, तर फळ्याच्या जागी पडदा आला. गणित तेच: व्यापाऱ्याने 20 रुपये किलोने कांदा घेतला, 25 ने विकला, शेकडा नफा किती? 25 म्हटलं की पडदा टाळ्या वाजवतो. या व्यापाऱ्याचा एकही कांदा कधी सडत नाही, आणि हमाल त्याचा माल बहुधा फुकट वाहतात!

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना विचारा. 100 किलो घेतला, 2000 गेले. 10 किलो सडका निघाला. उरलेल्या 90 चे 2250 आले, त्यातून हमाली-टेंपोचे समजा 150 वजा. हातात राहिले 100 रुपये. नफा शेकडा 5.

मोबाइल वापरायचा तो इथे. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज येतात, तेही क्विंटलमध्ये. मुलांनी ते उतरवून किलोवर आणावेत, गाळ्यावरचा भाव शेजारी मांडावा, महिनाभराचा आलेख काढावा आणि मधला फरक कुठे जातो ते मावशींच्या तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित करावं. चौघांत एक फोन पुरतो. फक्त गिऱ्हाइकांच्या गर्दीत जाऊ नये. मावशींचा धंदा म्हणजे आपली प्रयोगशाळा नव्हे.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. 2025 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो अभ्यास आला. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं पुस्तकी गणितात अडली, आणि नुसत्या शाळेत शिकणारी बाजाराच्या हिशेबात. पण नापास ठरतं ते गाळ्यावर बसणारं पोर. त्याच्या डोक्यातल्या हिशेबाला गुणपत्रिकेत रकानाच नाही. वर्ग मंडईत आला, तर त्या दिवशी तेच पोर बाकीच्यांना शिकवील.

सप्टेंबर 2024 पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्थानक आहे, त्यामुळे पिंपरीच्या शाळेलाही ती आता लांब नाही. मुख्याध्यापकांनी पुढचा पडदा विकत घेण्याआधी सातवीचा एक वर्ग इथे आणावा.