टाकाऊला टिकाऊ करताना

लोणच्याची रिकामी बरणी, दुधाच्या पावडरीचा डबा, सरबताची बाटली अशा वस्तूंवर मातीची पाने-फुले चढवून त्यांची फुलदाणी वा पेनदाणी करण्याची कला आपल्या घरांत आता चांगलीच रुळली आहे. महिलांचे मेळावे, शाळांची प्रदर्शने, नाताळातील विक्रीची दालने यांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. तथापि या साध्या कलेच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. डबा सजवून आपण त्याला खरोखर वाचवतो, की केवळ आपल्या मनाचे समाधान करून घेतो?

प्रथम ही माती कोणती ते पाहू. कुंभाराची ओली माती काचेवर वा पत्र्यावर थापली तर ती टिकत नाही. माती सुकताना आकसते, काच आकसत नाही. मग तडे जातात आणि खपल्या सुटतात. म्हणून या कामी सिरॅमिक पावडर व फेविकॉल कणकेसारखे मळून घेतात, किंवा ‘शिल्पकार’सारखी दोन भागांची तयार माती वापरतात. हे दोन भाग एकजीव केले की काही तासांत ती दगडासारखी घट्ट होते आणि मग पाण्याने पुन्हा भिजत नाही.

गोम येथेच आहे. काच आणि पत्रा पुनःपुन्हा वितळवता येतात. रिकामी बाटली भंगारवाल्याच्या हाती गेली तर तिची नवी बाटली होऊ शकते, आणि तिच्या मोलातून त्याच्या घरची चूल पेटते. मात्र रासायनिक माती आणि रंग यांचा थर चढल्यावर ती भट्टीच्या कामाची राहत नाही, भंगारवालाही तिला हात लावीत नाही. आज दिवाणखान्यात शोभणारी ती बाटली काही वर्षांनी रंग उडाला की माळ्यावर जाते आणि अखेर कचऱ्यात.

आमच्या आज्यांना हा प्रश्न पडला नव्हता. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याचा डबा घरोघरी पोहोचला, तो रिकामा झाला की त्यात डाळ-तांदूळ राहत. पुढे तो गंजला की तळाला भोके पाडून त्यात मोगरा लागे. त्यावरचे माडाचे चित्र कोणी झाकले नाही. डब्याचा मान त्याच्या उपयोगात होता.

म्हणून सजावट व्यर्थ ठरते असे मात्र नव्हे. स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूविषयी माणसाला ममता वाटते, आणि ममतेची वस्तू तो सहजासहजी फेकीत नाही. मातीत बोटे घालून बसलेल्या मुलांना व वडीलधाऱ्यांना मिळणारा आनंद भंगाराच्या तराजूत तोलता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, वस्तू टाकून न देता पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती ठरू शकते असे म्हटले आहे. मात्र त्यामागचा हेतू योग्य असावा, ही अटही घातली आहे. आमच्या मते सारा प्रश्न त्या अटीत आहे.

तेव्हा माती मळण्यापूर्वी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हा डबा सजल्यावर रोजच्या वापरात राहणार आहे का? आणि सजवायला रिकामी बाटली हवी म्हणून आपण भरलेली बाटली तर विकत घेत नाही ना? घराला लागतील तेवढेच दोन-चार डबे मन लावून सजवावेत. खाद्यपदार्थ ठेवायचे असतील तर आतल्या बाजूस व काठास माती वा रंग लागू देऊ नये. कीटकनाशकाचा डबा कितीही देखणा केला तरी स्वयंपाकघरात आणू नये. उरलेल्या बाटल्या आणि डबे स्वच्छ धुऊन भंगारवाल्याच्या हाती द्यावेत. तो त्यांचे मोल जाणतो. वस्तूविषयीचा आदर कधी तिच्यावर हात फिरवून, तर कधी हात आवरून व्यक्त करावा लागतो, आणि यांपैकी दुसरी गोष्ट आपणांस अधिक अवघड जाते.