झोळी आणि उघडे दार

रहाटणीच्या गल्ल्यांतून महिनाअखेरीस घरसामानाने भरलेले टेम्पो जाताना दिसतात. कारखान्यातील कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते: कपाट, गॅसची शेगडी, भिंतीवरून उतरविलेली पवित्र कुटुंबाची तसबीर. उद्याची चिंता वाहू नये, ही प्रभूची शिकवण अशा कुटुंबाला कोणत्या तोंडाने सांगावी? मुलांच्या फीसाठी चार पैसे बाजूला ठेवणे हा अविश्वास ठरतो काय?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू बारा प्रेषितांना काठी, झोळी, भाकरी, पैसा व दुसरा अंगरखा यांवाचून पाठवितो. एवढे आपल्या ध्यानात राहते. परंतु ज्या घरी जाल तेथेच राहा, असेही तो लगेच सांगतो. झोळी रिकामी ठेवावयास सांगणाऱ्या प्रभूने कोणाचे तरी दार उघडे असेल, हे गृहीत धरले आहे. देवाची तरतूद रानातल्या मान्न्याप्रमाणे नेहमी आकाशातून पडत नाही. पुष्कळदा ती शेजारच्या स्वयंपाकघरातून येते.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, तेव्हा देऊ केलेला सेवक त्यांनी नाकारला. काही ग्रंथ आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील थंडीसाठी उबदार वस्त्र मात्र स्वीकारले. ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचल्यावर ते राहिले रुग्णालयात. त्यांनी टाकले ते मानाचे ओझे. गरज त्यांनी नाकारली नाही. गरजेपुरती तरतूद म्हणजे अविश्वास नव्हे. दुसऱ्याची गरज दिसू नये इतका साठा वाढविणे, हा अविश्वास होय.

प्रवाशाची वाट इतरांच्या दारावरून जाते, हे आपल्या भागात वेगळे सांगावयास नको. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्काम करते. दिंड्यांचे सामान ट्रकमधून जाते खरे. तरीही वाटेवरच्या लोकांनी प्रेमाने दिलेल्या पाण्याचा नि अन्नाचा वारकऱ्यांना आधार असतोच.

ज्याचे घर स्थिर आहे, त्याला ‘झोळी घेऊ नका’ ही आज्ञा ‘दार लावू नका’ अशी ऐकू यावी. आपल्या इमारतीसमोर टेम्पो थांबेल, त्या संध्याकाळी नव्या बिऱ्हाडाची चूल पेटलेली नसेल. देव पुरवितो, असे त्यांना सांगण्यापूर्वी आपण जेवणाचा डबा घेऊन जिना चढावा. मग ते वाक्य उच्चारण्याची गरजही कदाचित उरणार नाही.