गोळी आणि नियम

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं आपल्यात सांगितली आहेत. औषध देणाऱ्याला पुण्य लाभतं. मग तेच औषध घेणाऱ्याला कमीपणा का वाटावा? हा प्रश्न मला पुस्तकात नाही भेटला, आमच्या घरात भेटला.

माझ्या धाकट्या जावेला बायपोलर डिसऑर्डर आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, फक्त नाव लिहीत नाही. या आजारात मन कधी महिनोन्‌महिने खोल विहिरीत उतरतं, तर कधी इतकं उंच उडतं की झोप, भूक, पैसा, कशाचंच भान राहत नाही. मधला काळ अगदी तुमच्याआमच्यासारखा. आम्हाला हे कळायला सहा वर्षं लागली. कारण तिच्या उदासीला आम्ही आळस म्हणत होतो आणि उन्मादाला उत्साह.

पंचकल्याणक पूजा होती त्या वर्षीची गोष्ट. जाऊ रात्री दोनला उठून बसायची, दिवसभर बोलायची, भजनं रचायची. एके दिवशी मंडपात तिनं अशी काही बोली लावली की भाऊजींना घाम फुटला. मंडपानं टाळ्या वाजवल्या. माझ्याही टाळ्या होत्या त्यात. ती रक्कम भरायला घरातल्या पाटल्या गेल्या. तीन महिन्यांनी ती अंथरुणातून उठेना, वेणी घालेना, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "कर्म असतं बाई ज्याचं त्याचं."

पुढे धारवाडच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि लिथियम सुरू झालं. लिथियम हा खनिजांत सापडणारा हलका धातू, आणि औषध म्हणून घ्यायचा तो त्याचा क्षार. उन्मादाच्या रुग्णांना त्याचा गुण येतो, हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली मांडलं, आणि आजही ते औषध वापरात आहे. मात्र गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉईड वेळोवेळी तपासावं लागतं.

गोळीनं घर सावरलं. पण एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "अक्का, आता तसं रडू येत नाही. पण आभाळही पहिल्याएवढं उंच दिसत नाही. भजन सुचत नाही, रांगोळीला हात थरथरतो. मग खरी मी कोणती? ती, का ही गोळीवाली?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तराऐवजी मी उपदेश केला. दशलक्षण पर्व जवळ आलं होतं. म्हटलं, "दहा दिवस एकाशन कर, मीठ सोड. मन आपोआप शांत होईल, गोळीची गरजच उरणार नाही." मी थोरली, म्हणून तिनं ऐकलं. गोळी चालू ठेवली, पण मीठ सोडलं आणि पाणी एकदाच. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. हातातला तांब्या पडला, जीभ जड झाली, पाय लटपटायला लागले. दवाखान्यात रक्त तपासलं तर लिथियम फार वाढलेलं. डॉक्टरांनी समजावलं, "मीठ आणि लिथियम, दोन्ही किडनी साधारण एकाच वाटेनं हाताळते. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, की ती मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते." गोळी रोजचीच होती. तिचं विष माझ्या उपदेशानं झालं.

चार रात्री मी तिच्या उशाशी होते. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप दोन्हींच्या आधी 'शक्तितः' आहे, म्हणजे आपल्या शक्तीप्रमाणे. इतकी वर्षं मी ते म्हणत आले, आणि माझ्या शक्तीचं माप दुसरीला लावून मोकळी झाले. रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हेही अंतरंग तपच. ते करायची वेळ माझी होती.

काहीजणी म्हणतात, हा असातावेदनीय कर्माचा उदय, तो भोगूनच संपवावा. गुडघ्याच्या दुखण्यालाही तेच कर्म लागू. पण गुडघा बदलून आलेल्या बाईला आपण फळं घेऊन भेटायला जातो. कर्म फक्त मनाच्या दुखण्यालाच का आठवतं?

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. गोळीनं आलेली शांतता म्हणजे समता नव्हे. बरोबर आहे. चष्माही स्वाध्याय करत नाही, पण चष्मा काढून ग्रंथ वाच, असं आपण कुणाला सांगत नाही. गोळी घेऊनही जावेला राग येतो, आणि तो तिलाच आवरावा लागतो. उलट त्या मंडपातली बोली आठवते. आपण काय देतो आहोत, हे ठरवायची ताकदच जिच्यात त्या घडीला नव्हती, तिच्या देण्याला दान म्हणायचं का? दानाला विवेक लागतो. तो वापरायची सवड गोळीनं तिला परत दिली.

पण भजनं गेली ती गेली. चार वर्षांत दोनच सुचली. हे नुकसान लहान आहे, असं म्हणायचा हक्क मला नाही.

यंदा भाद्रपदाच्या आधी मी बिचकतच विचारलं, "तुझं काय?" ती म्हणाली, "मीठ सोडणार नाही, पाणी हवं तेवढं पिणार. माझा नियम वेगळा." डॉक्टरांना विचारून तिनं गोळी दिवस मावळायच्या आतल्या जेवणाबरोबर घ्यायची ठरवली आहे, आणि झोपायची वेळ चुकवायची नाही, हा दुसरा नियम. खरी ती कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मला इतकं सरळ 'नाही' म्हणणारी जाऊ मी पहिल्यांदाच पाहिली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी लिथियम घेत असेल तर उपवास धरण्याआधी, मीठ सोडण्याआधी, दुखण्यावरची गोळी परस्पर देण्याआधी डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब झाले तरी लगेच विचारा. बरं वाटतंय म्हणून औषध मनानं बंद करू देऊ नका.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी जावेपुढे हात जोडले. इतकी वर्षं ते शब्द तोंडपाठ होते. त्या दिवशी मात्र ते पुरे करायला मला वेळ लागला.