स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की ती काय धरून चालते, हे सहसा कोणी तपासत नाही. स्वभाव ज्याचा त्याच्या आत असतो, बाहेरच्या कशावर तो अवलंबून नसतो, हे तिचे गृहीतक. सुमारे दुसऱ्या शतकातल्या नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त नेमके यावरच बोट ठेवले. स्वभाव म्हणायचे तर तो घडवलेला नसावा आणि दुसऱ्यावर विसंबलेला नसावा. पण जे जे आहे ते कारणांतून आणि सोबतीतून घडते, म्हणून असा स्वभाव कशालाच नाही, असे तो म्हणतो. ग्रंथात हे अवघड वाटले तरी खाण्याच्या सोड्याच्या डबीत त्याचा पडताळा घेता येतो.

सोडा आम्लारिधर्मी, असे शाळेत शिकवतात. ढोकळ्याच्या पिठात लिंबू पिळून सोडा घातला की कार्बन डायऑक्साइड फसफसून सुटतो आणि पीठ फुलते. मात्र कॉस्टिक सोड्यासारख्या जहाल आम्लारीशी गाठ पडली की हाच सोडा आम्लाची भूमिका घेतो आणि त्याचा धुण्याचा सोडा होतो. हळदीचेही तसेच. सोडा नीट कालवला गेला नाही तर पिवळ्या ढोकळ्यावर लालसर ठिपके उठतात, कारण हळदीचा पिवळेपणाही सोबतीवर ठरतो. मोरी घासायला व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतणारा दोघांच्या गुणांची बेरीज गृहीत धरतो, पण फेस ओसरेपर्यंत दोघांनी एकमेकांना मारलेले असते आणि हाती मुख्यतः सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते.

गुण द्रव्यातच वसतात असे मानणारा वैशेषिक यावर म्हणेल की वागणे बदलले, द्रव्य नाही: सोडियम, हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचे ठरलेले प्रमाण हाच सोड्याचा स्वभाव. पण ते प्रमाण म्हणजेही घटकांची आपसातली बांधणीच. पाण्यात पडताच भडकणाऱ्या सोडियम धातूचा मागमूस सोड्यात दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळेच सोबतीवर ठरत असेल, तर भरवसा कशाचा धरायचा? भरवसा नात्याच्या नियमाचा. पुरेसे आम्ल मिळाले की ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम वायू निघतो, मग आम्ल लिंबातले असो की ताकातले. नागार्जुनाच्या शून्यतेचा, म्हणजे असा स्वभाव नसण्याचा, अर्थ ‘काहीच नाही’ असा घेणारे हा नियम विसरतात.

तरीही म्हण अगदीच पोकळ नाही. १६८ ग्रॅम सोडा कोरड्या कढईत पुरेसा तापवला की पाणी आणि वायू उडून १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो आणि कढई निवली म्हणून तो पूर्ववत होत नाही. जुन्या आचेचे असे मुरलेले परिणाम पाहूनच आपण ‘स्वभाव’ म्हणतो आणि हात टेकतो. पण कारखान्यात धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडून पुन्हा खाण्याचा सोडा करतात. माणूस सोडा नव्हे, हे खरे. त्याला सोबत निवडता येते, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही येते. तेव्हा औषध आहे. ते आपल्याच डबीत शोधणाऱ्याला मात्र सापडत नाही.