एका पैची चूक आणि न संपणारा डाव



हल्ली वारीत विसाव्याला टेकलेल्या मंडळींचे बोलणे कानावर घ्यावे, तर त्यात पाऊसपाणी थोडे आणि मोबाईल फार. एक म्हणतो, "कलीने आता माणसाच्या तळहातावरच घर बांधले." दुसरा म्हणतो, "अहो, आमच्या नातवाचं ऐका. जेवण नको, पण ते यंत्र द्या, म्हणून लोळण घेतो." तिसऱ्याचा मुलगा हिंजवडीस सॉफ्टवेअरच्या कामावर. तो म्हणतो, "त्याच यंत्रानं आमच्या घरावर स्लॅब पडला. त्याला नावं ठेवू नका." चौथा काहीच बोलत नाही, कारण रथ कोठवर आला हे तो मोबाईलवरच पाहत असतो! चौघांचेही बोलणे आपापल्या जागी खरे आहे. म्हणूनच या विषयात घाईने निवाडा देऊ नये.

यंत्र तेवढे वाईट, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड छापून निघाला, तोही यंत्राच्याच पोटातून. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरीस गेल्या, तेव्हा घरोघरच्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसत जे पाहिले ते याच काचेवर पाहिले. ज्या काचेने त्या दिवशी पादुका दाखविल्या तिला आज चांडाळ कसे म्हणावे? बरे, यंत्रास शिव्या देणारे आपणच कीर्तनात काय करतो? बुवा पूर्वरंगात असतात आणि पुढच्या रांगेतले चार जण हात वर करून त्यांचे चित्र टिपत असतात. टाळी वाजविण्यास हात रिकामा राहील कसा? असो.

आमच्याकडे दोन पत्रे आली आहेत. एक एका माउलीचे. तिचा चौदा वर्षांचा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतो, हटकले तर अंगावर येतो, आणि घरातले लोक म्हणतात की तुझ्या लाडाने बिघडला. दुसरे एका तरुणाचे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आषाढीस आळंदीहून चालतो. नोकरी गेम बनविणाऱ्या कंपनीत. त्याने लिहिले आहे : "महाराज, खेळणारा कंटाळून उठू लागला की त्याला परत कसे बसवायचे, एवढेच माझे काम. त्या वेळी कोणते बक्षीस दाखवायचे, दुसऱ्या दिवशी कोणता निरोप पाठवायचा, हे मी ठरवतो. घराचे कर्ज आहे, वडिलांचे औषधपाणी आहे. सर्वच कर्मांत दोष असतो असे गीता सांगते. मग निष्काम बुद्धीने केले तर चालेल ना?"

पाहा, एका पत्रातला मुलगा दुसऱ्या पत्रातल्या तरुणाच्या हातून जागा राहतो आहे. दोघेही आपल्याच संप्रदायातले. म्हणून दोन्ही पत्रांस एकत्रच उत्तर देणे आम्हांस प्राप्त झाले.

प्रथम रात्रभर जागणे हेच पाप, ही समजूत दूर करू. नाथमहाराजांची कथा आपणा सर्वांस पाठ आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी असता हिशेबाचे काम नाथांकडे होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. वह्या पसरल्या, समई लावली, जेवणाची शुद्ध नाही, झोपेची नाही. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी पिटली. स्वामी मागे उभे राहून पाहत होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची मूळची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! लक्षात घ्या, स्वामींनी त्या एकाग्रतेस दोष दिला नाही. तेच चित्त त्यांनी उचलले आणि पुढच्या कामास लावले.

सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्यांस ही कथा आमच्याहून अधिक कळेल. हजारो ओळी लिहाव्या आणि एका ठिकाणी चूक राहावी, मग रात्र तिच्या शोधात जावी, हा त्यांचा नित्याचा अनुभव. ती चूक पैएवढी दिसते, पण तिचे मोल पैएवढे नसते. १९९६ च्या जून महिन्यात युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटले. एक मोठा आकडा लहान जागेत बसविण्याचा प्रयत्न झाला, तो मावला नाही, एवढेच कारण. अमेरिकेतील डोनाल्ड नूथ हे संगणकशास्त्राचे थोर आचार्य. गणिताची पुस्तके सुबक जुळविण्यासाठी त्यांनी टेक नावाचे सॉफ्टवेअर रचले आणि लोकांस फुकट वापरू दिले. आपल्या पुस्तकात कोणी चूक दाखविली तर ते दोन डॉलर छपन्न सेंटांची हुंडी पाठवीत. हा आकडा का? संगणकवाल्यांच्या सोळाच्या गणतीत २५६ म्हणजे शंभर! चूक दाखविणाऱ्यावर रागावण्याऐवजी त्यास दक्षिणा देणारा हा गृहस्थ आपल्या धर्मावर निष्ठा असलेला ख्रिस्ती. १९९१ साली बायबलाच्या अभ्यासाचे पुस्तकही त्यांनी काढले. आणि १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेल ठेवलाच नाही, का तर चित्त खोल लागत नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावले, त्या कामाची जात हीच. तेव्हा संगणकाचे काम हलके, त्यात परमार्थास जागा नाही, असे कोणी म्हणू नये. मळ्यात पाणी देता देता सावतोबांस पांडुरंग भेटला, तसा तो चूक शोधणाऱ्यासही भेटेल.

आता खेळाचे पाहू. आपल्या संप्रदायात खेळास मज्जाव आहे काय? मुळीच नाही. गाथा उघडा : विटीदांडू, चेंडूफळी, फुगडी, हमामा, सगळे खेळ तेथे आहेत. वारीत पांढऱ्या मिशांचे वारकरी फुगडी घालतात, हुतुतू खेळतात, रिंगणात धावतात. देव तर चेंडू काढावयास कालियाच्या डोहात शिरला. तेव्हा पोर खेळते म्हणून कपाळाला हात लावू नये.

मग या गेममध्ये निराळे काय? निराळे हे की नाथांचा हिशेब जुळला आणि वही मिटली. आमचा सप्ताह काल्याला येऊन संपतो. लाह्या एकमेकांच्या मुखात घातल्या की मंडळी घरोघर जातात. गेममध्ये बहुधा काला नाही. १९८४ साली मॉस्कोच्या अलेक्सेइ पजित्नोव यांनी टेट्रिस हा खेळ रचला. वरून ठोकळे पडतात, ते जुळवावे, ओळ भरली की नाहीशी होते. जिंकणे असे त्यात नाहीच. वेग वाढत जातो आणि शेवटी माणूस हरतो. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने सुमारे चाळीस मिनिटे असा डाव खेळला की यंत्रच थिजले. माणसाकडून हे प्रथमच घडले. त्या मुलाच्या अभ्यासाचे आम्हांस कौतुकच वाटते. तो खेळ प्रामाणिक आहे. तो तुम्हांस हरवितो, पण मागे लागत नाही.

मागे लागणारे खेळ पुढे आले. त्यांचे मर्म संगणकातले नव्हे, ते कबुतराच्या पिंजऱ्यातले आहे. अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी पाहिले की चोच मारल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच पाखरू लवकर थांबते. पण दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, कधी दोन चोचींनी, कधी पन्नासांनी, तर ते चोच मारीतच राहते. मोबाईलच्या गेममधली पेटी, जी उघडल्यावर आत काय निघेल ठाऊक नसते, ती हीच. पोराच्या बोटास आपण हट्ट म्हणतो. ती पाखराची चोच आहे.

आणि येथेच आपल्या विठोबाची रीत ध्यानात येते. तो विटेवर उभाच आहे. आज दिसेल, उद्या दिसणार नाही, पन्नासाव्या फेरीस दिसेल, असा डाव तो भक्ताशी खेळत नाही. गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचलो नाही तर कळसाचे दर्शन घेऊन वारकरी समाधानाने परततो, त्याची वारी वाया जात नाही. एकादशी पंधरा दिवसांनी येणार, आषाढी वर्षाने येणार. नेम ठरलेला आहे, म्हणून मन निवते. नेम नसलेल्या दाण्याने मन तापते.

पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांविषयी अधिक लिहीत नाही. पांडवांचे द्यूत सर्वांस ठाऊक आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टात संसदेने अशा खेळांच्या बंदीचा कायदाही केला.

आता त्या तरुणास. माउली, तुम्ही गीतेचा आधार घेतलात तो वाचून आम्ही थबकलो. अग्नीबरोबर धूर असतो तसा कर्माबरोबर दोष असतो, हे खरे. पण तेथे चूल पेटली आहे, भाकरी भाजली जात आहे, आणि धूर मागून येत आहे. तुमच्या कामात चूल कोठे आहे? उठू पाहणाऱ्या मुलास पुन्हा बसवायचे एवढेच काम असेल, तर तो धुराचाच व्यापार झाला. निष्काम बुद्धी कर्त्यास फळापासून सोडविते. आपण काय करीत आहोत हे पाहण्यापासून सोडवीत नाही.

मग उद्याच नोकरी सोडावी काय? येथे तुकोबांचे चरित्र बारकाईने पाहा. कर्जखते इंद्रायणीत बुडविली, एवढेच आपण कीर्तनात सांगतो. पण आधी काय केले? खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या कान्होबाचा वाटा त्यास दिला आणि आपला तेवढा बुडविला. भावाच्या भाकरीवर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. तुमच्या पगारात वडिलांचे औषध आहे, तो कान्होबाचा वाटा. त्यास हात लावू नका. पण तुमच्या हाताने जी ओळ लिहिली जाते ती तुमच्या वाट्याची. रात्री अकरानंतर मुलांस निरोप पाठविण्याची ओळ आपण लिहिणार नाही, असे वरिष्ठांस सांगता येते. डावास शेवट असावा, किती वेळ झाला ते खेळणाऱ्यास दिसावे, अशी सूचना मांडता येते. न ऐकले तर त्याच कंपनीत दुसरे काम मागावे. तेही न मिळाले तर दुसरी जागा पाहू लागावे, मिळताच उठावे. तुमची विद्या इस्पितळास लागते, शेतीच्या हवामानास लागते, पतपेढीच्या हिशेबास लागते. वर्ष लागले तरी लागू द्या.

हे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही व्हिएतनामच्या डोंग ग्वेन यांचे उदाहरण सांगू. त्यांनी फ्लॅपी बर्ड नावाचा लहानसा गेम केला. जाहिरातींपासून त्याची रोजची मिळकत पन्नास हजार डॉलर असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. लोकांस त्याचे व्यसन लागले असे दिसताच फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी तो स्वतःच्या हाताने काढून टाकला. पुढे दुसरे गेम केले, संन्यास घेतला नाही. आम्ही त्यांस तुकोबांच्या पंक्तीस बसवीत नाही. पण आपल्या वाट्याचे बुडविणारा माणूस या धंद्यातही निघतो, एवढे त्यावरून खास.

राहिली ती माता. माउली, तुमच्या लाडाने मुलगा बिघडला हे बोलणे मनास लावून घेऊ नका. चांगली शिकलेली माणसे पगार घेऊन ज्याच्या मागे लागली आहेत, ते चौदा वर्षांचे पोर एकटे किती पुरे पडेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या व्यसनास रोगांच्या यादीत घेतले, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी असे ती म्हणत नाही. खेळावर ताबा राहिला नाही, इतर सर्व गोष्टी मागे पडल्या, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही, आणि हे बहुधा वर्षभर चालले आहे, असे दिसले तर वैद्यास दाखवावे. अंगारा-धुपारा करीत बसू नये. तेवढे नसेल तर घरीच पाहावे.

यंत्र मध्येच हिसकावू नका. पुष्कळ गेम चार-पाच जण मिळून खेळतात, मध्येच उठले तर सोबत्यांचा डाव मोडतो आणि पोरास तो अपमान वाटतो. "हा डाव संपला की उठ" असे सांगा आणि उठेपर्यंत तेथेच बसा. काय खेळतोस ते विचारा. सांगू लागला तर ऐका. रात्री मोबाईल घरातल्या सर्वांचेच एका फळीवर ठेवावे, त्यात वडिलांचाही आला. मुलाने फळीवर ठेवायचा आणि बापाने उशाशी घ्यायचा, हे चालणार नाही.

आणि ज्या बोटांस एवढी चपळाई आली आहे ती बोटे रिकामी ठेवू नका. गावात भजन असेल तेथे त्यास न्या, पण मागे भिंतीशी बसवू नका, तेथे पोर पेंगते. पखवाजवाल्याच्या अगदी शेजारी बसवा, कणकेचा गोळा पुडीला कसा लावतात ते त्यास पाहू द्या, आणि वादकास आधी सांगून ठेवा की भजन संपल्यावर दोन थापा त्याच्याकडून मारून घ्या.